गोबरगॅसची स्लरी व तिचें टिकाऊ खत

गोबरगॅसचें संयंत्र बसविलेल्या शेतकऱ्यास "गॅस किती पुरतो?" असें विचारलें तर तो चटकन् उत्तर देतो. दोन वेळचा स्वयंपाक होतो, वर सकाळचा चहा होतो, पाहुणे आले तर मात्र सरपण काढावें लागतें, हा हिशेब त्याच्या घरांत सर्वांस तोंडपाठ असतो. परंतु त्याच संयंत्राच्या दुसऱ्या तोंडांतून रोज जी स्लरी बाहेर पडते ती वर्षाकाठीं किती, आणि तिचें पुढें काय होतें, असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. ती शेजारच्या खड्ड्यांत जाते, उन्हानें वाळते, पावसानें वाहते, आणि जें उरेल तें खपल्यांच्या रूपानें उन्हाळ्यांत शेतांत पडतें. चुलीकडे जाणारा जिन्नस मोजला जातो आणि शेताकडे जाणारा मोजला जात नाहीं, ही गोष्ट महसूल खात्यांत उभा जन्म आंकडेमोड करण्यांत घालविलेल्या कारकुनास खटकल्यावांचून राहत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत प्रथम या स्लरीची जमाबंदी मांडून, नंतर ती घरच्या साधनांनीं टिकाऊ कशी करावी हें सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून निघणारा वायु दिवाबत्तीकरितां वापरण्यांत आला होता. पुढें जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टोपाचें 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र सिद्ध केलें, आणि खादी ग्रामोद्योग आयोगानें त्याच धर्तीचीं संयंत्रें खेडोपाडीं नेलीं. कोंकणांत कणकवलीजवळ गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं, व देहू येथें डॉ. सुहास मापुसकर यांनीं, संडास व गॅस यांची सांगड घालून दाखविली. १९८१-८२ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली व संयंत्रें सर्वत्र पसरलीं. या साऱ्या इतिहासांत गॅसकडे जितकें लक्ष पुरविलें गेलें तितकें त्यामागून येणाऱ्या स्लरीकडे पुरविलें गेलें नाहीं.

आमचें वारजे हें पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठेच्या कांठचें गांव. पूर्वीं तें हवेली तालुक्यांतील शेतीचें गांव होतें. आज तें महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. शेतें गेलीं व इमारती आल्या, तरी शेतीशीं गांवाचा संबंध अगदींच तुटलेला नाहीं. कै. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेचें मुख्य कार्यालय आज वारज्यांतच आहे. गोपालनाबरोबर गोबरगॅस, आणि गोबरगॅसबरोबर स्लरीचें खत, अशी जोडणी ही संस्था शेतकऱ्यांपुढें मांडीत आली आहे. स्लरी गाळून घट्ट करणें व तिच्यांत खडक-फॉस्फेट मिसळून स्फुरदयुक्त सेंद्रिय खत बनविणें हा त्यांतलाच एक मार्ग होय. त्याचा विचार पुढें येईलच.

आतां जमाबंदी पाहूं. चार-पांच जनावरें असलेल्या घरीं दोन घनमीटरचें संयंत्र सामान्यतः चालतें. त्यास रोज सुमारें ५० किलो शेण व तितकेंच पाणी लागतें. ताज्या शेणांत शेंकडा ८० भाग पाणीच असतें. म्हणजे ५० किलो शेणांत कोरडा अंश १० किलो. त्यांतला दोन-सव्वादोन किलो गॅस होऊन जातो. राहिलेला सुमारें पावणेआठ किलो कोरडा अंश जवळजवळ ९० लिटर पाण्यांत कालवलेला बाहेर येतो. ही झाली एका दिवसाची आवक. वर्षाची आवक पस्तीस टनांच्या घरांत जाते, आणि तींत कोरडा अंश पावणेतीन टनांहून अधिक असतो.

नत्राचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. ताज्या शेणांत नत्र शेंकडा ०.३ ते ०.४ असतें. मधला आंकडा धरला तर रोज १७५ ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारें ६४ किलो नत्र संयंत्रांत जातें. गॅस हा मुख्यतः मिथेन व कर्बवायु यांचा असल्यामुळें नत्र त्याबरोबर जात नाहीं. तें जवळजवळ सारेंच्या सारें स्लरींत उतरतें. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यांत पावणेएकवीस किलो नत्र असतें. अर्थात् त्या एका संयंत्रांतून दरसाल तीन पोतीं युरियाइतकें नत्र बाहेर पडतें. स्फुरद, पालाश व सूक्ष्म द्रव्यें तीं वेगळींच.

परंतु हें जमेच्या बाजूचें झालें. खर्चाची बाजू अशी आहे कीं, हवेवांचून कुजण्याच्या क्रियेंत शेणांतील नत्राचा एक वाटा, चौथाईपासून निम्म्यापर्यंत, अमोनियाच्या रूपांत येतो. हा अमोनिया पाण्यांत विरघळलेला असतो तोंवर पिकास तत्काळ लागू पडतो. पण स्लरी किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें ऊन व वारा लागतांच तो उडून जातो. स्लरी उघड्यावर पसरून वाळविणें म्हणजे हा अंश हवेच्या स्वाधीन करणें होय. चौथाईच धरली तरी १६ किलो नत्र, म्हणजे पाऊण पोतें युरिया, गेलें. सरकारी सवलतीच्या दरामुळें पाऊण पोत्याची किंमत कोणास फार वाटणार नाहीं हें खरें. परंतु नुकसान तेवढ्यावर थांबत नाहीं. वाळलेल्या स्लरीच्या खपल्या दगडासारख्या कठीण होतात, मातींत लवकर मिसळत नाहींत, व नांगराच्या तासांत तशाच लोळत राहतात. कच्च्या खड्ड्यांतून झिरपलेलें नत्र विहिरीस मिळतें. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे, आणि तान्ह्या मुलांस त्याहून अधिक नायट्रेट अपायकारक असतें. ज्या विहिरीचें पाणी घर पितें तिच्या शेजारींच स्लरीचा खड्डा खणणाऱ्यानें याचा विचार केलाच पाहिजे.

तेव्हां मूळ मुद्दा असा कीं, संयंत्रांतून निघालेली स्लरी हें टिकाऊ खत नव्हे. तें खताचें कच्चें द्रव्य आहे. तिच्यांत दोन निरनिराळ्या प्रकृतीचे अंश एकत्र आहेत. अमोनिया व पालाश हे बहुतांशीं पाण्याबरोबर राहतात. स्फुरद व सेंद्रिय नत्र हीं चोथ्याबरोबर राहतात. पाणी ही हातांतली रोकड आहे, आणि चोथा ही मुदतीची ठेव आहे. रोकड घरांत पडून राहिली तर नाहींशी होते, म्हणून ती वेळच्या वेळीं शेतांत गुंतवावी. ठेव मात्र नीट मुरवावी. आपल्याकडे नेमका उलटा व्यवहार होतो. पातळ अंश दिवसचे दिवस उघडा पडतो, आणि घट्ट अंश मुरण्यापूर्वींच उन्हांत भाजला जातो.

पहिलें काम गाळण्याचें. संयंत्राच्या निकासापाशीं, पण सखल बाजूस, विटांचा उथळ हौद बांधावा व मध्यें भिंत घालून त्याचे दोन कप्पे करावे. सहा फूट लांब, तीन फूट रुंद व दोन फूट खोल असा एकेक कप्पा लहान संयंत्रास पुरतो. तळास एका कोपऱ्याकडे उतार द्यावा, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर जाड खडी, व वर वीतभर उसाचें पाचट, भाताचा पेंढा किंवा नारळाचा काथ्या पसरावा. आठवडाभर एका कप्प्यांत स्लरी सोडावी. पुढील आठवडाभर तो निथळूं द्यावा व दुसरा चालवावा. अर्ध्याहून अधिक पाणी खालीं उतरून नळीवाटे झांकणाच्या पिंपांत जमतें. पाचट चोंदलें म्हणजे चोथ्यासकट उचलून खताच्या हौदांत टाकावें. तें वाया जात नाहीं. हौदावर पाचटाचें छप्पर अवश्य असावें, कारण सावली ही येथें सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी योजना आहे.

पिंपांतील पाण्याचा विनियोग तीन प्रकारांनीं होतो. त्यांतला कांहीं भाग दुसऱ्या दिवशींचें शेण कालवण्यास वापरावा. त्यायोगें उन्हाळ्यांत पाण्याची मोठी बचत होते. परंतु सारें पाणी फिरून फिरून वापरूं नये, कारण अमोनिया व क्षार सांचून संयंत्रांतील जंतूंस बाध येतो. दुसरा भाग पाटाच्या पाण्याबरोबर थोडा थोडा सोडावा. संध्याकाळीं सोडावा, सरींत सोडावा, व शक्य असल्यास वर माती ओढावी. दुपारच्या उन्हांत पानांवर ओतूं नये. कोवळ्या रोपांस तो निम्म्याहून अधिक पाणी घालूनच द्यावा, नाहींतर मुळें करपतात. तिसरा भाग खताचा हौद भिजविण्यास लागतो. या पाण्याविषयीं अवास्तव अपेक्षा मात्र धरूं नये. दोनशें लिटरच्या पिंपांत सुमारें तीनशें ग्रॅम नत्र असतें, म्हणजे अर्धा-पाऊण किलो युरियाइतकें. तें अमृत नव्हे. पण घरचें आहे, रोजचें आहे, आणि विकत घ्यावें लागत नाहीं.

आतां चोथ्याकडे वळूं. त्यास टिकाऊ करणें म्हणजे त्यांतील नत्र सूक्ष्म जंतूंच्या देहांत व पुढें ह्यूमसमध्यें बांधून ठेवणें. जंतूंस नत्राबरोबर कर्ब लागतो, व तो कोरड्या काडीकचऱ्यांत विपुल असतो. स्लरींत एका भाग नत्रास कर्ब पंधरा ते वीस भाग असतो. गव्हाच्या काडांत तो ऐंशीच्या आसपास, व उसाच्या पाचटांत शंभराच्या आसपास असतो. कर्ब फार कमी पडला तर अमोनिया उडतो. फार जास्त झाला तर कुजणें रेंगाळतें व अर्धवट खत शेतांतलेंच नत्र ओढून घेतें. आरंभीं हें प्रमाण तीसच्या आसपास राखणें चांगलें. म्हणून नुसतें पाचट असेल तर त्यांत गिरिपुष्पाचा पाला, तुरीचा पालापाचोळा, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती, असें नत्र धरणारें कांहीं मिसळावें.

कंपोस्टाची ही विद्या आपल्या परिचयाची आहे. इंदूर येथें सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या सहकार्यानें बसविलेली पद्धति १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं थोड्या शेणांत पुष्कळ खत करण्याची जी रीति काढली ती त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून देशभर गेली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असा जमिनीवरचा विटांचा हौद, आणि हवा खेळावी म्हणून भिंतींस ठेवलेलीं भोंकें, एवढीच त्याची सामग्री. सहा इंच काडीकचऱ्याचा थर, सुमारें शंभर किलोंचा. त्यावर चार किलो शेण सव्वाशें-दीडशें लिटर पाण्यांत कालवून शिंपडणें. त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली कोरडी माती. असे थरावर थर देऊन शेवटीं शेणमातीनें लिंपून घेणें, ही त्याची कृति. तीन ते चार महिन्यांत सुमारें तीन टन खत निघतें.

गोबरगॅसवाल्या शेतकऱ्यानें शेणकाल्याऐवजीं येथें स्लरीच वापरावी. एका थरास लागणारी सव्वाशें-दीडशें लिटर स्लरी ही दिवस-दीड दिवसाची आवक होय; पूर्ण हौदास दीड ते दोन हजार लिटर, म्हणजे पंधरा ते वीस दिवसांची. गाळलेला चोथा घातल्यास त्याच हौदांत याहून पुष्कळ अधिक दिवसांचें द्रव्य मावतें व नत्राचा वाटाही वाढतो. मातीचा थर टाळूं नये; उडूं पाहणारा अमोनिया ती धरून ठेवते.

येथें एक व्यावहारिक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं "स्लरी पाचटांत जिरवा" असा सोपा उपदेश केला जातो. कोरडें पाचट आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी धरतें. या हिशेबानें वर्षाची पस्तीस टन स्लरी न गाळतां जिरवावयाची म्हटली तर बारा टनांवर पाचट पाहिजे. उसाचें पाचट एकरीं तीन ते चार टन निघतें; म्हणजे तीन-चार एकर ऊस असणारासच तें साधेल. जिराईत शेतकऱ्यापाशीं इतकें काड नसतें, आणि असलें तरी तें जनावरांच्या तोंडीं आधीं जातें. म्हणून लहान शेतकऱ्यानें आधीं गाळावें व मग जिरवावें, हाच क्रम योग्य. ज्यास मुबलक पाचट आहे त्यानें मात्र तें पेटवून देण्याचें पाप करूं नये.

चोथ्याचें मोल वाढविण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे वर सांगितलेलें स्फुरदयुक्त सेंद्रिय खत. राजस्थानांत उदयपूरजवळ झामरकोटडा येथें खडक-फॉस्फेटाच्या खाणी आहेत. हा दगड अगदीं बारीक दळून कुजत्या चोथ्यांत मिसळला म्हणजे कुजतांना उत्पन्न होणाऱ्या आम्लांमुळें त्यांतील स्फुरद हळूहळू मोकळें होतें. खत नियंत्रण आदेशाप्रमाणें अशा खतांत स्फुरद शेंकडा किमान १०.४ असावें लागतें. कोंकणच्या आम्ल जांभ्या जमिनींत याचा गुण लवकर दिसण्याजोगा आहे. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत दगडांतील स्फुरद सावकाश सुटतें, म्हणून तेथें एकदम साऱ्या शेतास न देतां प्रथम थोड्या जागेंत अनुभव घ्यावा. केंद्र सरकारनें २०२३ सालीं गोबरधन योजनेखालील संयंत्रांच्या सेंद्रिय खतास दर टनामागें १५०० रुपये बाजार-विकास साहाय्य जाहीर केलें. घरच्या संयंत्रास त्याचा थेट लाभ नसला तरी जें आपण खड्ड्यांत सोडतों त्यास बाजारांत किंमत आहे हें त्यावरून दिसून येतें.

गांडूळखत करूं इच्छिणारांनीं ताजी स्लरी गांडुळांवर ओतूं नये. तींत हवा नसते व अमोनिया असतो. गांडुळें मरतात किंवा पळून जातात. पाचटांत मिसळून, दोन-तीन वेळां खालींवर करून, दहा-पंधरा दिवसांनीं ढीग थंड झाल्यावरच गांडुळें सोडावीं.

खत टिकाऊ झालें हें कसें ओळखावें? प्रयोगशाळेची जरुरी नाहीं. चांगला ढीग आरंभीं आंतून साठ अंशांपर्यंत तापतो. खालींवर केल्यावरही तो पुन्हां तापेनासा झाला म्हणजे कुजणें संपत आलें. मुठींत दाबल्यास थेंब जेमतेम दिसावा, धार लागूं नये. रंग काळसर तपकिरी व वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा असावा. नाकास झोंबणारा वास म्हणजे अमोनिया अजून उडतो आहे. थोडें ओलें खत प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून चार दिवस सावलींत ठेवावें; उघडल्यावर दुर्गंधि आली तर तें कच्चें समजावें. शेवटची परीक्षा बियांची. खत पाण्यांत भिजवून गाळलेल्या पाण्यांत मेथीचे पंचवीस दाणे व साध्या पाण्यांत पंचवीस दाणे रुजत घालावे. दोहोंकडे सारखे मोड आले तर खत पिकास अपाय करणार नाहीं.

शहरवासी झालेल्या वारजेकरांसही हें लागू आहे. ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या लहान संयंत्रांची स्लरी शेणाच्या स्लरीहून अमोनियानें व मिठानें अधिक तीव्र असते. ती गटारांत सोडली तर शेवटीं मुठेंत जाते. त्याच वस्तींत माघ-फाल्गुनांत झाडांचीं पानें गोळा करून जाळलीं जातात. एकापाशीं नत्र अधिक व दुसऱ्यापाशीं कर्ब अधिक. दोहोंची गांठ घालून दिली तर सोसायटीच्या बागेस खत विकत आणावें लागणार नाहीं.

एक इशारा देणें अवश्य आहे. स्लरीच्या बंदिस्त टांकींत किंवा संयंत्राच्या निकासांत कोणींही, कितीही थोड्या वेळाकरितां, उतरूं नये. तेथें सांचणारा विषारी वायु माणसास ओरडण्याचीही सवड देत नाहीं, आणि वाचवावयास उतरलेला दुसराही त्याच वाटेनें जातो. बादली पडली तर पडूं द्यावी. हौद उघडा व उथळ ठेवावा, पिंपास झांकण असावें, व लहान मुलें तेथें फिरकणार नाहींत अशी तजवीज असावी.

आमच्या शेतकरी बंधूंस शेवटीं इतकीच विनंति आहे कीं, या लेखांतील आंकडे त्यांनीं जसेच्या तसे मानूं नयेत. आपल्या गोठ्यांत ते पडताळून पाहावे. एक आठवडा शेण, पाणी व निघालेली स्लरी यांचें माप वहींत लिहावें. येत्या हंगामांत एकाच शेतांत दोन-दोन गुंठ्यांचे तीन तुकडे आंखावे. एकास उन्हांत वाळलेली स्लरी, दुसऱ्यास मुरविलेलें खत, व तिसऱ्यास कांहींच नाहीं, असें करून काढणीच्या वेळीं तिन्हींचें धान्य वेगळें मोजावें. अशा दहा सभासदांच्या वह्या संस्थेकडे आल्या तर आमच्या मातीस काय मानवतें हें आमच्याच आंकड्यांनीं ठरेल, आणि शेजारच्या शेतकऱ्यास तें पटविण्यास वेगळ्या व्याख्यानाची गरज पडणार नाहीं.